खडकाखाली तिघी

वाळवंटात जाताना आम्ही छत्री नेली नाही, ही चूक होती असं मी आजही मानायला तयार नाही. स्वेटर नेले, कानटोप्या नेल्या, घरभर पुरेल एवढा चिवडा नेला, मास्तरांनी शाळेचं होकायंत्रसुद्धा नेलं. छत्री कोण नेतं? आणि नेली असती तर धामणगावच्या स्टेशनावरच कोणीतरी विचारलं असतं, की बाई, कुठं निघालात म्हणालात?

मास्तर म्हणजे माझा नवरा. ते शाळेत भूगोल शिकवायचे आणि शाळा सुटल्यावरही थांबायचे नाहीत. वाऱ्याने खडक कसे कोरले जातात, हे त्यांनी फळ्यावर इतकी वर्षं काढून दाखवलं होतं की असे खडक खरंच असतात का, अशी शंका बहुधा त्यांनाच यायला लागली होती. त्यामुळे माझ्या एलटीसीची मुदत संपत आली तेव्हा कुठं जायचं हा प्रश्न घरात निघालाच नाही. एलटीसी, म्हणजे प्रवासाची सवलत, हे सरकारी नोकरीतलं दुखणं आहे. काही वर्षांनी पुन्हा पुन्हा उद्भवतं. लांब कुठंतरी जावंच लागतं, नाहीतर सवलत वाया जाते, आणि सवलत वाया घालवणाऱ्याकडे ऑफिसात लोक आजारी माणसाकडे बघावं तसं बघतात. माझी इच्छा समुद्राची होती. मास्तर म्हणाले, समुद्र कुठं पळून जात नाही. खडकही पळून जात नाहीत, हे मला तेव्हा सुचलं नाही. गाडीत बसल्यावर सुचलं.

मी यवतमाळच्या पोस्टात बचतीच्या काउंटरला होते. शेजारी रजिस्टर पत्रांच्या काउंटरला बसणारा सहकारी मला ताई म्हणायचा आणि मी त्याला भाऊ. भाऊ बंजारा, दारव्ह्याकडच्या एका तांड्यातला. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरले. भाऊला मात्र बदलीचं नाव काढलं तरी घाम फुटायचा. आईला तो याडी म्हणायचा. त्यांच्या गोरबोलीत आईला याडीच म्हणतात, आणि त्याचं ऐकून ऐकून आम्हीही तिला तेच म्हणायला लागलो.

याडी तांड्यात एकटी राहायची. भाऊचे वडील वारल्यापासून शेत तीच करत होती, आणि आमच्याकडे शेत म्हणजे कापूस. ती वर्षं कापसाला वाईट होती. हे वाक्य आमच्या जिल्ह्यात कुठल्याही वर्षाला लावता येतं, पण तेव्हा ते म्हणण्याचीही कोणी तसदी घेत नव्हतं. अळी फवाऱ्याला जुमानत नव्हती. खरेदी केंद्र आज उघडेल, उद्या उघडेल, यातच माणसांचे दिवस चालले होते. भाऊचं म्हणणं साधं होतं. याडीने शेत बटईने, म्हणजे वाट्याने, द्यावं आणि यवतमाळला त्याच्या घरी राहायला यावं. घर पक्कं होतं. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, चार दिवसांनी घरात लहान मूल येणार होतं. याडी हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती.

दर रविवारी भाऊ काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीने बसून तांड्यावर जायचा आणि तिला कारणं सांगून यायचा. सोमवारी तीच कारणं मला काउंटरवर ऐकायला मिळायची. छत गळतं. साप निघेल. दवाखाना लांब आहे. कापसात काही उरलं नाही. रात्री एकटीला काही झालं तर तांडा जागा व्हायला सकाळ उजाडेल. कारणं बिनतोड होती. एक-दोन तर मीच सुचवली होती.

"मले झोप लागत नाही, ताई," तो म्हणायचा. "इकडं पाऊस आला का मी उठून बसतो. आन तिले सांगाले गेलं का ते नुसती आयकून घेते."

त्याची काळजी खोटी नव्हती. रजिस्टर पत्रांवर तो उलटे शिक्के मारायला लागला होता.

आम्ही राजस्थानात चाललो आहोत हे भाऊने घरी बोलता बोलता याडीला सांगितलं, आणि ती पहिल्यांदा काहीतरी बोलली. बंजारा लोकांचा मूळ मुलूख तिकडचा. तांड्यात होळीला गाणी म्हणतात, त्यांत तो मुलूख येतो. याडीने तो कधी पाहिला नव्हता, तिच्या आजीनेही पाहिला नव्हता, पण तिथं आपली माणसं आहेत याबद्दल तिला शंका नव्हती. "मले मुलूख दाखव," ती म्हणाली. "मंग सांगतो."

भाऊने त्याच दिवशी रजा टाकली. त्याचीही एलटीसी बाकी होती, आणि त्यात याडीचं नाव होतंच. कागदोपत्री ती आधीपासून त्याच्याच घरी राहत होती.

असे आम्ही चौघं जानेवारीत निघालो. मास्तर खडकांसाठी, भाऊ याडीच्या उत्तरासाठी, याडी तिच्या माणसांसाठी आणि मी सवलत वाया जाऊ नये म्हणून.

याडीने जाताना ठेवणीतला पोशाख घातला होता. फेटिया म्हणजे घेरदार घागरा, आरसे लावलेली कांचळी, डोक्यावरून पाठीवर सोडलेली ओढणी. नवरा गेल्यावर हातातला कोपरापर्यंतचा चुडा उतरला होता, बाकी सगळं होतं. गाडीत लोक तिच्याकडे बघत आणि ती खिडकीबाहेर बघे. राजस्थान लागलं तशी ती सरसावून बसली. स्टेशनावर चहावाला आला. याडी त्याच्याशी गोरबोलीत बोलली. त्याने हिंदीत पैसे सांगितले. लॉजवाला हिंदीत बोलला, रिक्षावाला हिंदीत बोलला, फोटोवाला तर मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलला. जेवायला बसल्यावर तिने बाटी मागितली. बाटी म्हणजे त्यांच्यात आपली साधी भाकरी. पुढ्यात आला तुपात बुडवलेला कणकेचा गोळा. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग तिने तो भाऊच्या ताटात ठेवला.

"इथं त सगळे परकेच हायेत," ती मला रात्री म्हणाली. एवढ्या लांब येऊन एखाद्याचं घर बंद सापडावं तसा तिचा चेहरा झाला होता. मला वाईट वाटलं. भाऊला त्याहून वाईट वाटलं, कारण मुलूख असा निघाला तर उत्तर कसं निघणार याचा त्याला अंदाज यायला लागला होता.

खडकांचा दिवस उजाडला तो ढगाळ. जीपवाला हाच आमचा गाइड. मी आभाळाकडे बोट दाखवलं. तो हसला. "मॅडम, यहाँ बारिश नहीं होती." त्याच्या बोलण्यात इतका विश्वास होता की मी माझी शाल लॉजवरच ठेवली.

गावापासून बरंच लांब, जिथं रस्ता संपला असं वाटून पुन्हा सुरू होत होता, तिथं ते खडक होते. तांबूस, उघडे, कुठं खालून पोखरलेले, कुठं वर टोपी ठेवल्यासारखे. आजूबाजूला वाळू आणि खुरटी झुडपं. खरं सांगायचं तर बघण्यासारखे होते. पण शांतपणे बघता येतील अशी सोय नव्हती, कारण एका बाजूला मास्तर आणि दुसऱ्या बाजूला गाइड. गाइडने प्रत्येक खडकाला एकेक जनावर नेमून दिलं होतं. हा हत्ती, हा उंट, हा बेडूक, ही अंड्यावर बसलेली कोंबडी. मास्तरांचं म्हणणं, यात जनावर काही नाही, वारा वाळूचे कण घेऊन खालच्या बाजूला घासतो म्हणून बुंधा झिजतो. गाइड म्हणाला, बरोबर आहे साहेब, पण हा बेडूकच आहे. दोघांचं बराच वेळ चाललं होतं.

"याडी, पाह्यलं का?" भाऊने विचारलं.

"दगड त आपल्या वावरात बी हायेत," याडी म्हणाली.

भाऊने तो धागा लगेच पकडला. "तेच त सांगून राह्यलो, याडी. त्या दगडाच्या वावरात काय ठेवलं हाये?" आणि त्याने कापसापासून पुन्हा सुरुवात केली. याडीने नेहमीसारखं नुसतं ऐकून घेतलं. मी त्याला डोळ्यांनी खुणावलं की आज राहू दे, पण तो माझ्याकडे बघतच नव्हता.

पहिले थेंब पडले तेव्हा गाइड म्हणाला, ही काही बारिश नाही. आम्ही पुढे चालत राहिलो. मग वाऱ्याने दिशा बदलली आणि असा पाऊस कोसळला की आमच्या जिल्ह्यात त्याला नावं ठेवायला जागा राहिली नसती. "ये तो मावठ है," गाइड ओरडला. थंडीत पडणाऱ्या पावसाला तिकडे मावठ म्हणतात; म्हणजे नाव ठेवण्याइतका तो नेहमी पडत असणार. पण वाद घालायची ती वेळ नव्हती. जीप लांब राहिली होती. पुढे एक खडक ओसरीसारखा बाहेर झुकला होता, त्याच्याखाली आम्ही पळालो. मी आणि याडी पुढे, पुरुष मागे.

खडकाखाली आधीच एक बाई बसली होती. सोबत तिच्या शेळ्या. याडीच्याच वयाची, घेरदार घागरा, डोक्यावरून ओढणी, हातांत पांढऱ्या बांगड्या. ती शेळ्यांना काहीतरी बोलली. काय बोलली ते मला समजलं नाही. याडीला समजलं.

याडी जागच्या जागी थांबली. तिने त्या बाईला एक प्रश्न विचारला. बाईने उत्तर दिलं. मग याडीने दोन्ही हात पसरले, त्या बाईच्या गळ्यात पडली आणि मोठ्याने रडायला लागली.

साधं रडणं नव्हतं ते. सूर होता, त्यात शब्द होते, सूर वर जायचा, हुंदक्यावर थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. शेळीवाली क्षणभर गोंधळली. मग तिने काय ते ओळखलं, ओढणी तोंडावर ओढून घेतली आणि तिनेही तसाच सूर लावला. शेळ्या बाजूला सरकल्या. मी जवळच उभी होते. शेळीवालीने ओढणीच्या आतून हात काढून माझा दंड धरला आणि मलाही खाली ओढलं.

आमच्या घरात रडायचं असेल तर न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडतात. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा मी आधी कुकर लावला आणि मग रडले. इथं दोन अनोळखी सुरांच्या मध्ये, शेळ्यांच्या वासात, मी नुसतीच मान खाली घालून बसले. पण शेळीवाली माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली, म्हणून थोडं रडले. पाहुण्याने ताटात वाढलेलं टाकू नये, तेवढंच.

पुरुष बाहेरच थांबले. कोणीतरी गेलं आहे आणि बायका दुःख करताहेत, अशा वेळी आत घुसणं बरं दिसत नाही, असं त्यांना वाटलं असावं. गाइडने डोक्याचा फेटा उतरवून छातीशी धरला. ते बघून मास्तरांनी कानटोपी काढली. दोघं पावसात तसेच उभे. भाऊ एकटा ओशाळून खडकाच्या कडेशी आला, जिथं वरून पाण्याची धार लागली होती, आणि मला हळूच म्हणाला, "ताई, घाबरू नका. हे रडनं नाही. हा आमच्यातला रामराम हाये. लय दिवसानं आपलं मानूस भेटलं का बाया असंच भेटतात."

"मग ती बाई का रडतेय?"

"ते मले बी समजून नाही राह्यलं," भाऊ म्हणाला.

थोड्या वेळाने समजलं. रडणं ओसरल्यावर शेळीवालीने तोंडावरची ओढणी बाजूला केली, नाक पुसलं आणि याडीला काहीतरी विचारलं. दोघींची बोली एक नव्हती, पण अडत नव्हतं. भाऊ धारेत उभ्या उभ्या मला सांगायला लागला.

"ते विचारून राह्यली, कोन मेलं."

त्यांच्याकडे दुःखाला आलेल्या बायका असंच तोंड झाकून सुरात रडतात. म्हणजे याडी इतका वेळ आनंदाने रडत होती आणि शेळीवाली इतका वेळ मयताला रडत होती, आणि दोघींना आपण एकच काम करतो आहोत असं वाटत होतं.

"याडी म्हंते, कोनी नाही मेलं."

शेळीवालीला हे आवडलं नाही. ती फणकाऱ्याने काहीतरी बोलली.

"मंग मले फुकट कायले रडवलं म्हंते."

याडीने थोडा विचार केला. मग खालच्या आवाजात एक वाक्य बोलली.

"याडी म्हंते, माझा मानूस मेला," भाऊ म्हणाला. तिचा माणूस म्हणजे भाऊचे वडील. शेळीवालीचा चेहरा निवळला. रडणं वाया गेलं नव्हतं. तिने याडीचा हात हातात घेतला आणि मग तिने असे प्रश्न विचारले जे आपल्याकडे कोणी तोंडावर विचारत नाही. भाऊ एकेक सांगत गेला. शेत कोण करते? मीच. घरात कोण आहे? कोणी नाही. पोर? आहे, तो तिथं धारेत उभा आहे तो. शेळीवालीने भाऊला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. कामाला आहे? पोस्टात. घर? पक्कं, वर गच्ची. सून? चांगली आहे, बाळंतपणाला गेली.

मग शेळीवालीने आणखी एक प्रश्न विचारला. याडी त्यावर बराच वेळ बोलली. त्या आठवड्यात ती जेवढं बोलली नव्हती तेवढं बोलली, शेळीच्या पाठीवरून हात फिरवत, भाऊकडे न बघता.

भाऊने तोंडावरचं पाणी पुसलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"काही नाही. शेळ्यायचं."

भाऊ हे लपवतोय याची गाइडला मात्र काही कल्पना नव्हती. त्याला दोघींचं समजत होतं, आणि पाहुण्यांना सगळं समजावून सांगणं हा त्याचा धंदा होता. फेटा छातीशी धरून, पावसाच्या आवाजावर आवाज चढवून त्याने आम्हाला सांगितलं, "मॅडम, बाई पूछ रही है कि बेटे के घर क्यों नहीं जाती. माताजी बोल रही हैं, बेटा हर इतवार आता है. छत टपकती है बोलता है. साँप निकलेगा बोलता है. कपास में कुछ बचा नहीं बोलता है. माँ, चल, ये आज तक नहीं बोला. अब बिना बुलाए कैसे जाऊँ?"

सापाचं कारण माझं होतं. मला इतकी शरम वाटली की मी शेळ्यांकडे बघत राहिले.

मास्तरांनी पहिल्यांदाच काही समजावून सांगितलं नाही. भाऊ तसाच उभा होता. वरची धार त्याच्या डोक्यावर पडत होती आणि तो बाजूला होत नव्हता. दोन वर्षं तो आईसाठी रात्री उठून बसत होता, आणि हा एक शब्द त्याच्याकडून राहून गेला होता. आपण आईला बोलावलंच आहे असंच त्याला वाटत असणार. मलाही तसंच वाटत होतं. इतकी कारणं सांगतो, म्हणजे बोलावतोच ना माणूस.

मग तो वाकून खडकाखाली आला. याडीसमोर उकिडवा बसला. "याडी," तो म्हणाला, "चाल. मार घरेन चाल."

याला कोणी अर्थ सांगायची गरज नव्हती. यापुढेही त्याच्या ओठांवर काहीतरी येऊ घातलं होतं. मला ते दिसलं. पण त्याने ते गिळलं.

याडीने ओढणीच्या पदराने त्याचं डोकं पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं, खसाखसा. आणि मग ती आमच्याकडे वळली. तांड्यात कुठलीही महत्त्वाची गोष्ट चार माणसांसमोर झाल्याशिवाय झाली असं धरत नाहीत. लग्न असो की भांडण, कोणी ऐकलं हे आधी विचारतात.

"ताई, आयकलं?"

"ऐकलं," मी म्हटलं.

"मास्तर?"

"ऐकलं," मास्तर पावसातून म्हणाले.

तिने गाइडला विचारलं, शेळीवालीला विचारलं. शेळीवालीने हो म्हणून वर भाऊच्या पाठीत एक धपाटा घातला. सगळ्यांचं झाल्यावर याडी उठली, फेटियाला चिकटलेली वाळू झटकली, शेळीवालीच्या गालावरून दोन्ही हात फिरवले आणि भर पावसात खडकाबाहेर पाऊल टाकलं.

"याडी, आत्ता नाही," भाऊ घाबरून म्हणाला. "पाऊस त थांबू दे. थंडी हाये, भिजशीन, जीप लय दूर..."

याडी वळली. हे ती वऱ्हाडीत बोलली, आम्हा सगळ्यांना समजावं म्हणून.

"पाह्य. पुन्हा कारनं सांगून राह्यला."

भाऊ उठला, तिच्या मागे पावसात गेला आणि त्याने तिचा हात धरला. दोघं त्या उघड्या तांबड्या खडकावरून सावकाश जीपकडे चालायला लागली. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. मास्तर पुढे होऊन ओरडणार होते, की ओला खडक निसरडा असतो, सांभाळून.

मी म्हटलं, "असू द्या."